वर्गावर जाण्याआधी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पीएच.डी. करता करता महाविद्यालयात शिकवू लागलेल्या वाचकांनी आणि त्यांच्या मार्गदर्शकांनी आपल्या अडचणी कळवाव्यात, असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असा मजकूर गाळला आहे.

प्रश्न : मी अर्थशास्त्रात पीएच.डी. करत असून सेट ही सहायक प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा उत्तीर्ण आहे. यंदा जूनपासून तालुक्याच्या ठिकाणी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर प्रथम वर्ष कला शाखेला सूक्ष्म अर्थशास्त्र शिकवते. रात्री दीड-दोनपर्यंत टिपणे काढते, तरी वर्ग गप्प असतो. ‘समजले का?’ असे विचारले की मुले माना डोलावतात. चाचणीत मात्र बहुतेकांनी पाठ केलेली व्याख्या लिहून पुढची जागा कोरी सोडलेली असते. ‘मॅडम, नोट्स द्या’ एवढीच त्यांची मागणी आहे. विद्यार्थी मराठी माध्यमातून आलेले आहेत आणि माझे स्वतःचे वाचन इंग्रजीत झाले आहे. माझे काय चुकते?
(एक संशोधक विद्यार्थिनी, लातूर जिल्हा)

उत्तर : ‘समजले का?’ हा प्रश्न तुम्ही विचारणे सोडून द्यावे, ही माझी पहिली सूचना. ज्याला समजले आहे तो मान डोलावतो, ज्याला समजलेले नाही त्याला साठ जणांपुढे तसे कबूल करण्याचा संकोच वाटतो म्हणून तोही डोलावतो, आणि आपल्याला समजले आहे असा ज्याचा गैरसमज झाला आहे तो तर सर्वांत जोरात डोलावतो. या प्रश्नातून शिक्षकाला मिळते ती फक्त पुढच्या मुद्द्याकडे जाण्याची परवानगी.

हे मला स्वतःला फार उशिरा कळले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मागणीच्या नियमाचे अपवाद शिकवताना मी फळ्यावर घाईघाईत दोन उदाहरणांची अदलाबदल केली : ‘गिफेन वस्तू’ (भाव वाढला तरी गरिबाला जास्तच घ्याव्या लागतात अशा हलक्या वस्तू) या शीर्षकाखाली हिरे आणि ‘प्रतिष्ठेच्या वस्तू’ (महाग असल्यामुळेच श्रीमंतांना हव्याशा वाटणाऱ्या वस्तू) या शीर्षकाखाली हलक्या प्रतीचे धान्य. सहामाहीच्या पेपरात एकतीस उत्तरपत्रिकांत हिरा ही गिफेन वस्तू म्हणून आली. गरिबाला भाव वाढल्यावर हिरे जास्त कसे घ्यावे लागतील, हे त्या एकतीस जणांपैकी कोणालाही लिहिताना खटकले नव्हते, आणि वर्गात तर कोणीच विचारले नव्हते. मी मुलांच्या नावाने बोटे मोडत बसलो होतो. शेजारच्या टेबलावरच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी चार-पाच उत्तरपत्रिका चाळल्या आणि शांतपणे विचारले, “अहो, तुमच्या तासाला मुलांच्या हाताला काम होते हे दिसतेच आहे. डोक्याला काय काम दिले होते?” तुमच्या रात्रीच्या टिपणांबद्दलही मला हेच विचारावेसे वाटते. तुम्ही काय बोलणार हे त्यांत सविस्तर लिहिलेले असणार. त्या वेळी विद्यार्थी काय करणार, हे लिहिलेले असते का?

तुमच्याच अभ्यासक्रमातील मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत काही टक्क्यांनी बदलली की मागणी किती टक्क्यांनी बदलते, हा घटक घेऊ. बहुतेक नवे शिक्षक फळ्यावर व्याख्या लिहितात, सूत्र लिहितात, पाच प्रकारांच्या पाच आकृत्या काढतात आणि ‘वक्र जितका पसरट तितकी मागणी अधिक लवचिक’ असे सांगून पुढे सरकतात. या वाक्याने उतार म्हणजेच लवचिकता अशी जी गाठ मुलांच्या मनात बसते, ती एम.ए.च्या तोंडी परीक्षेपर्यंत सुटत नाही. परीक्षक म्हणून मी ती अनेकदा पाहिली आहे. त्याऐवजी फळ्यावर एकच सरळ तिरकी रेषा काढा. एका वस्तूची किंमत रुपयांत आणि मागणी नगांत मोजली तर दोन्हींची बेरीज नेहमी १०० भरते, असे सांगा. म्हणजे किंमत १० रुपये असताना मागणी ९० नग आणि किंमत ८० रुपये असताना मागणी २० नग. मग विचारा : किंमत १० वरून २० झाली काय किंवा ८० वरून ९० झाली काय, दोन्ही वेळा ती दहा रुपयांनीच वाढली आणि मागणीही दहा नगांनीच घटली, तर मग लवचिकता दोन्ही ठिकाणी सारखीच का? ‘सारखी’, ‘पहिल्या ठिकाणी जास्त’ आणि ‘दुसऱ्या ठिकाणी जास्त’ असे तीन पर्याय फळ्यावर लिहा, मिनिटभर कोणालाही बोलू देऊ नका, आणि मग हात वर करायला सांगा.

माझ्या वर्गात निम्म्याहून अधिक हात ‘सारखी’ या पर्यायासाठी वर जात. अशा वेळी उत्तर सांगून टाकण्याचा मोह होतो, तो आवरावा. वेगळ्या मताच्या शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवून द्या, असे सांगून तीन मिनिटे वर्गात गोंगाट होऊ द्यावा. कुठल्यातरी बाकावर कोणीतरी टक्केवारी काढतोच : पहिल्या वेळी किंमत १०० टक्क्यांनी वाढली आणि मागणी जेमतेम ११ टक्क्यांनी घटली, दुसऱ्या वेळी किंमत साडेबारा टक्क्यांनी वाढली आणि मागणी थेट निम्म्यावर आली. म्हणजे एकाच रेषेवर, एकाच उतारावर, लवचिकता एकीकडे सुमारे ०.११ आणि दुसरीकडे ४. आता पुन्हा हात वर करायला सांगा आणि ज्यांनी मत बदलले त्यांच्यापैकी एकाला कारण विचारा. सूत्र त्यानंतर फळ्यावर लिहावे; तोवर वर्गाला त्याची गरज भासू लागलेली असते. ही युक्ती माझी नाही. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मॅझूर यांना असे आढळले की, अवघड गणिते बिनचूक सोडवणारे त्यांचे विद्यार्थी न्यूटनच्या नियमांवरील साध्या संकल्पनात्मक प्रश्नांत अडखळतात, आणि तेव्हापासून, म्हणजे १९९१ पासून, त्यांनी व्याख्यानाच्या मध्येच असे प्रश्न आणि शेजाऱ्यांशी चर्चा ही पद्धत रुजवली. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही, हात वर केले तरी पुरते.

या घटकाचा शेवट तुम्ही लासलगावच्या कांद्याने करावा. कांद्याचे पीक भरघोस आले की बाजार समितीत भाव कोसळतो, आणि जास्त माल विकूनही शेतकऱ्याच्या हाती आदल्या वर्षीपेक्षा कमी पैसे पडतात, हे तुमच्या वर्गातील निम्म्या घरांनी कोणत्या ना कोणत्या पिकाच्या बाबतीत भोगलेले असेल. कांदा स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट कांदा खात नाही, मागणी कमी लवचिक असते, म्हणून भाव टक्केवारीत मालापेक्षा जास्त घसरतो. हे स्पष्टीकरण विद्यार्थ्यांकडूनच काढून घेण्याचा प्रयत्न करा आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. अमेरिकेतील संशोधिका मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासून दाखवले होते की, शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात आणि हा अवकाश तीन सेकंदांपर्यंत वाढवला तरी विद्यार्थ्यांची उत्तरे लांबतात, एरवी गप्प राहणारेही बोलू लागतात. फळ्यासमोर उभे राहून गप्प काढलेले तीन सेकंद किती लांब वाटतात, याचा अनुभव घेतल्याशिवाय अंदाज येत नाही. मनातल्या मनात आकडे मोजावे लागतात.

माध्यमाचे म्हणाल तर संज्ञा दोन्ही भाषांत फळ्यावर लिहाव्यात, स्पष्टीकरण मराठीत द्यावे आणि आठवड्यातून एकदा संदर्भग्रंथातील चार ओळींचा एक इंग्रजी उतारा वर्गातच सर्वांनी मिळून वाचावा. अवघड वाटते म्हणून इंग्रजी पूर्ण वगळले, तर पुढे एम.ए.ला हीच मुले अडतात. नोट्सच्या मागणीला पूर्ण नकारही देऊ नये. तासाच्या शेवटी पानभर सारांश द्यावा, पण त्यातील आकृत्या कोऱ्या ठेवून त्या मुलांकडून भरून घ्याव्यात. आणि हे सर्व केले तर पोर्शन कसा संपणार, असे तुमच्या मनात आले असेल, तर चाचणीतील कोऱ्या जागा पुन्हा एकदा पाहाव्यात. त्या मुलांपुरता पोर्शन आजही संपलेला नाही.

एक गोष्ट मात्र तुम्हाला एकटीने करता येणार नाही. महाविद्यालयातील एखाद्या अनुभवी सहकाऱ्याला, शक्यतो तुमच्या विषयाबाहेरच्या, एका तासाला मागच्या बाकावर येऊन बसण्याची विनंती करा. तुम्ही फळ्याकडे पाहत असताना तिसऱ्या रांगेत काय चालते, कोणती मुले चाळीस मिनिटे एक अक्षरही लिहीत नाहीत, आणि तुमचे प्रश्न पहिल्या दोन बाकांपुढे जातात का, हे तुम्हाला तिथून दिसणे शक्य नसते.

प्रश्न : सेटच्या पहिल्या पेपरात अध्यापनाची अभियोग्यता तपासली जाते. तो उत्तीर्ण झालेल्याला शिकवण्याचे वेगळे प्रशिक्षण घ्यायची गरज काय? तरीही मी बी.एड. करावे का?
(एम.एस्सी. झालेला वाचक, फोंडा, गोवा)

उत्तर : महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते ती सेट काय किंवा राष्ट्रीय पातळीवरील यूजीसी-नेट काय, पहिला पेपर ५० बहुपर्यायी प्रश्नांचा आणि १०० गुणांचा असतो. त्याच्या अभ्यासक्रमात संशोधन, आकलन, तर्क, आकडेवारीचे अर्थनिर्णयन, पर्यावरण असे दहा घटक आहेत आणि अध्यापन हा त्यांतील केवळ एक घटक आहे. आरटीओमध्ये शिकाऊ परवान्यासाठी संगणकावर रस्त्यावरील खुणांची परीक्षा होते, पण पक्का परवाना देण्यापूर्वी निरीक्षक गाडी चालवून दाखवायला लावतात. आपल्या उच्च शिक्षणात खुणांची परीक्षा आहे, गाडी चालवून दाखवण्याची मात्र नाही.

महाराष्ट्रात यातली विसंगती एकाच इमारतीत पाहायला मिळते. अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्याला पदव्युत्तर पदवीबरोबर बी.एड. असावे लागते. जिना चढून वरच्या मजल्यावर त्याच मुलांना पुढच्या वर्षी तोच विषय शिकवणाऱ्याने मात्र आयुष्यात एकही पाठ कोणासमोर घेतलेला नसला तरी चालते. तुम्हाला वरिष्ठ महाविद्यालयातच जायचे असेल तर केवळ प्रशिक्षणासाठी बी.एड.ची दोन वर्षे खर्च करावीत, असे मी म्हणणार नाही, कारण त्याचा रोख शालेय विषयांवर असतो. कनिष्ठ महाविद्यालयाचा पर्याय खुला ठेवायचा असेल तर अवश्य करावे.

प्रश्न : मी पीएच.डी.चा मार्गदर्शक आहे. नव्या नियमांनुसार विद्यार्थ्यांना अध्यापनाचे काम द्यावे, असा विद्यापीठाचा आग्रह आहे. माझा अनुभव असा की, वर्गावर पाठवले की त्यांचे संशोधन मागे पडते. शिकवायचे ते नोकरी लागल्यावर शिकतीलच.
(एक प्राध्यापक, पुणे)

उत्तर : आपली काळजी निराधार नाही, परंतु नियम काय म्हणतो ते आधी पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पीएच.डी.विषयक २०२२ च्या विनियमांनुसार कोणत्याही विद्याशाखेच्या संशोधक विद्यार्थ्याने संशोधनाच्या काळात आपल्या विषयाशी संबंधित अध्यापन, अध्यापनशास्त्र आणि लेखन यांचे प्रशिक्षण घ्यावयाचे आहे. शिवाय ट्युटोरियल, प्रयोगशाळेतील काम आणि मूल्यमापन यांसाठी आठवड्याला चार ते सहा तासांचे साहाय्य त्याच्याकडे सोपवता येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील अपेक्षेला धरूनच ही तरतूद आली. आठवड्याला सहा तासांनी प्रबंध बुडत नाही. प्रबंध बुडतो तो या तरतुदीच्या आडून विद्यार्थ्याला रिक्त पदाचा पूर्ण कार्यभार दिला जातो तेव्हा, किंवा मार्गदर्शकांच्या स्वतःच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे त्याच्या टेबलावर येऊन पडतात तेव्हा. स्पष्ट लिहितो म्हणून राग मानू नये. हे मी माझ्या पिढीतही पाहिले आहे आणि एकदा, प्रवासाच्या गडबडीत, केलेही आहे.

शिकवल्याने संशोधनाची हानीच होते, हे गृहीतकही तपासून घ्यावे लागेल. विज्ञान-तंत्रज्ञान शाखांतील अमेरिकी संशोधक विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. केवळ संशोधन करणाऱ्यांच्या तुलनेत संशोधनाबरोबर अध्यापनही करणाऱ्यांच्या लेखी संशोधन-प्रस्तावांत तपासता येण्याजोगी गृहीतके मांडणे आणि प्रयोगाची योग्य रचना करणे या दोन बाबतींत अधिक सुधारणा दिसली. मला यात आश्चर्य वाटत नाही. ‘पण सर, हे असेच का?’ असे प्रथम वर्षाचा विद्यार्थी विचारतो तेव्हा अशी काही गृहीतके उघडी पडतात, जी मार्गदर्शक आणि विद्यार्थी या दोघांनीही वर्षानुवर्षे तपासलेली नसतात.

‘नोकरी लागल्यावर शिकतील’ याबद्दल एवढेच सांगतो की, नोकरी लागल्यावर त्यांचा तास पाहायला कोणी येत नाही. आपल्याकडे असताना तुम्ही तो पाहू शकता. वर्षातून दोनदा, प्रत्येकी एक तास, विद्यार्थ्याला आधी सांगून त्याच्या वर्गात बसा आणि त्यानंतर वीस मिनिटे त्याच्याशी बोला. ज्या काळजीने आपण प्रबंधाच्या प्रकरणावर लाल शाईने खुणा करतो, ती काळजी त्याच्या शिकवण्याच्या वाट्यालाही येऊ द्या.

प्रश्न : आमच्या पदव्युत्तर विभागात पाच कायम शिक्षकांपैकी तीन पदे रिक्त आहेत. संशोधक विद्यार्थ्यांना शिकवण्याचे प्रशिक्षण द्यायला ना निधी आहे, ना माणसे. शिवाय नेमणूक झाल्यावर विद्यापीठांतील केंद्रांत प्रशिक्षण मिळतेच, मग विभागाने हा भार का घ्यावा? आणि घ्यायचाच तर नेमके काय करावे?
(विभागप्रमुख, कोल्हापूर)

उत्तर : नेमणुकीनंतरच्या प्रशिक्षणाची व्यवस्था आपल्याकडे जुनी आहे. १९८७ पासून अकॅडेमिक स्टाफ कॉलेज या नावाने सुरू झालेली केंद्रे पुढे मानव संसाधन विकास केंद्रे झाली आणि २०२३ पासून ती मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे म्हणून ओळखली जातात. तेथील नवागत शिक्षकांसाठीचा अभ्यासक्रम उपयुक्त आहे. मीही तेथे व्याख्याने दिली आहेत. मात्र तो पदोन्नतीच्या अटींशी जोडलेला असल्याने समोर बसलेल्यांपैकी अनेकांचे लक्ष प्रमाणपत्राकडे असते, आणि तोपर्यंत बहुतेकांनी तासिका तत्त्वावर पाच-सात वर्षे शिकवून आपल्या सवयी पक्क्या केलेल्या असतात. नोट्स उतरवून देण्याची दहा वर्षांची सवय काही दिवसांच्या व्याख्यानांनी मोडत नाही.

विभागाने करायचे काम त्या मानाने लहान आहे. तुमच्या शहरातील कोणत्याही अध्यापक महाविद्यालयात सूक्ष्म अध्यापन, म्हणजे काही मिनिटांच्या छोट्या पाठाचा सराव, चालते, तेच आपल्या विषयासाठी वापरावे. ही पद्धत १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात आकाराला आली. आपल्याकडे रुळलेल्या तिच्या आवृत्तीत सहा मिनिटांचा पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण (म्हणजे पाठावरचा अभिप्राय), बारा मिनिटांत पुन्हा नियोजन, पुन्हा सहा मिनिटांचा पाठ आणि पुन्हा सहा मिनिटे प्रत्याभरण असे ३६ मिनिटांचे चक्र असते. पाठ एकाच कौशल्यापुरता ठेवावा : फक्त प्रश्न विचारणे, फक्त फळ्याचा वापर, किंवा फक्त उदाहरण देणे. बी.एड.वाले जसे पाठाचे टाचण काढतात तसे ते विद्यार्थ्याकडून अर्ध्या पानात काढून घ्यावे. मात्र टाचणाचे दोन रकाने असावेत, डावीकडे शिक्षक काय करणार आणि उजवीकडे विद्यार्थी काय करणार. उजवा रकाना ‘ऐकणार’, ‘लिहून घेणार’ एवढ्यावरच थांबला असेल तर टाचण परत करावे.

समोर बसण्यासाठी एम.ए. भाग एकचे विद्यार्थी पुरतात, आणि त्यांना सूचना एकच द्यायची : समजल्यासारखे दाखवू नका. निरीक्षकाने ‘छान झाले’, ‘आत्मविश्वास वाढवावा’ असे शेरे लिहू नयेत, कारण त्यांतून उद्या काय करायचे ते कळत नाही. ‘अकरा प्रश्न विचारले, त्यांपैकी आठांची उत्तरे स्वतःच दिली’, ‘आकृतीवरील अक्षांना नावे दिली नाहीत’, ‘शेवटची दोन मिनिटे फळ्याकडे तोंड करून बोलला’ अशा मोजता येणाऱ्या नोंदी लिहाव्यात. संकोची विद्यार्थ्याचा पाठ त्याच्याच मोबाइलवर चित्रित करून त्यालाच घरी पाहायला द्यावा. तो इतर कोणालाही दाखवू नये आणि विभागात ठेवूही नये. आठवड्याला एक पाठ म्हटला तरी एका सत्रात बारा-तेरा पाठ होतात. तुमच्याकडे सहा संशोधक विद्यार्थी असतील, तर प्रत्येकाचे दोन पाठ झाले.

माणसांच्या टंचाईवरही एक उपाय आहे. शेजारच्या अध्यापक महाविद्यालयातील प्राध्यापकांना सत्रातून दोनदा बोलवावे आणि मोबदला म्हणून त्यांच्या विद्यार्थ्यांना तुमच्या विषयाचे दोन तास द्यावेत; यात पैशाचा व्यवहार येत नाही. तुमच्याकडील निवृत्त शिक्षकही आनंदाने येतील, फक्त त्यांनी स्वतः पाठ घेऊन दाखवायला सुरुवात केली तर त्यांना आवरण्याची जबाबदारी विभागप्रमुखांची.

वेळापत्रकात यासाठी वेगळी जागाही शोधावी लागणार नाही. आपल्याकडील तास ४८ मिनिटांचा असतो, चक्र ३६ मिनिटांत पूर्ण होते. उरलेली बारा मिनिटे पाठ घेणाऱ्याला द्यावीत. त्या वेळात त्याने निरीक्षकांच्या नोंदी वाचून त्यांतील कोणत्या मान्य आहेत आणि कोणत्या नाहीत, ते सर्वांसमोर सांगावे.